मोटारीच्या पटात ‘गेली’ म्हणायचं नसतं

तमाम ग्रामस्थ, पै-पाहुणे, व्याही-विहिणी आणि मांडवाच्या दारात चप्पल शोधत फिरणारे समस्त सज्जन, आपणां सर्वांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, गेल्या दोन उन्हाळ्यांपासून मी माईक हातात धरलेला नाही. नवरदेवाच्या मामांनी नवरदेवाला घेऊन मंडपात यावं, ही सूचना यापुढे दुसरं कुणीतरी देईल. हरवलेल्या लेकराचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे, हेही दुसरंच कुणीतरी सांगेल. जनतेने शांतता राखावी.

जनतेने राखली. विचारायलासुद्धा कुणी आलं नाही.

राजूरला माझं पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची. हे काम मुकाट्याने करायचं असतं, म्हणून की काय, दुकानाचं शटर ओढलं की मी माईककडे पळायचो. लग्न, बारसं, सप्ताहाची पंगत, काहीही. पण माझा खरा जीव शंकरपटात. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे नुसतं पट म्हणतात. नाकासमोर सरळ धावपट्टी आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. झेंडी पडली की मी म्हणणार, ‘सुटलीऽऽ!’ आणि जोडी समोरून उडाली की, ‘गेली! गेली! गेलीऽऽ!’

या ‘गेली’साठी मला लांबलांबून बोलावणं यायचं. एकदा तर पार तीर्थपुरीकडून जीप आली होती न्यायला. ते ऐकलं की दोन्ही भिंती फुटायच्या आणि माणसं धावपट्टीवर उतरायची. कुणी खुरांच्या खुणा बघायला, कुणी पलीकडच्या पाहुण्याला भेटायला, कुणी नुसतंच, सगळे उतरले म्हणून. धोका काहीच नसायचा. जोडी गेली म्हणजे गेली, ती काही वळून त्याच लोकांवर येत नाही. माझ्या ‘गेली’चा अर्थ गावागावांत ‘आता या’ असा होता. हे मला तेव्हा ठाऊक होतं की नाही, याचा मी बराच विचार केला आहे. ठाऊक होतं.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याचं भोकरदन रस्त्यावर गॅरेज. लोकांच्या गाड्या दुरुस्त करून करून त्याला एकदा आपलीही गाडी पळवावीशी वाटू लागली. पंधरा वर्षांची जुनी पांढरी गाडी त्याने पोटच्या लेकरासारखी सजवली. मग त्याच्यासारखेच आठजण जमले आणि एके दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसला.

“दाजी, ऑटोक्रॉस करून राह्यलो आम्ही.”

“म्हणजे रेस.”

“रेस न्हाई. एका टायमाला एकच गाडी. मोकळ्या वावरात टोप्या मांडायच्या, नारिंगी, रस्त्यावर असतात तशा. त्यातून वळणं घेत गाडी काढायची, घड्याळ लावायचं. टोपी पाडली की दोन सेकंद वाढले. धक्का न्हाई, बुक्का न्हाई. बिलकुल सेफ.”

“मंग बघायला कोण येणार?”

“तुम्ही बोलावलं तर येतील की.”

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असं वाक्य ऐकवू नये. मी तिथल्या तिथे फ्लेक्सचा मजकूर सांगितला. ऑटोक्रॉस कुणाला कळणार? ‘भव्य मोटार पट’ असं लिहा म्हणालो. पट म्हटल्यावर माणूस ताटावरून उठून येतो. पट हा शब्द माझा. हेही नोंदवून ठेवा.

जागा मिळाली राजूरहून केदारखेड्याकडे जाताना लागणाऱ्या एका पडीक वावरात. उन्हाळ्याने जमीन तव्यासारखी टणक, वर बोटभर फुफाटा. आणि नियमांसाठी संभाजीनगरहून एक साहेब आले. उन्हाची टोपी, गळ्यात शिट्टी, काखेत फाइल. मोठा सरळ माणूस. सकाळपासून त्याने एकाही माणसाला हसून दाखवलं नाही, आणि त्या दिवशी वावरात शुद्धीवर असलेला तो एकटाच होता, हे मी आता मान्य करतो.

त्याने गाड्या तपासल्या. ब्रेक, दारं, पट्टे. मेव्हण्याच्या गाडीत डोकावून तो थांबला.

“हे काय?”

“लिंबू-मिरची, साहेब.”

“काढा. सैल वस्तू चालत नाही.”

“सैल कुठं? दोऱ्यानं बांधली.”

“गाडी उलटली तर मिरची डोळ्यात जाईल.”

“ती गाडी उलटू नाही म्हणूनच बांधली, साहेब!”

सगळे हसले. साहेब नाही. मेव्हण्याने मुकाट्याने दोरा तोडला आणि साहेबांची पाठ वळताच लिंबू-मिरची पॅंटच्या खिशात घातली. हेल्मेटं तीन आणि चालवणारे नऊ. एकाने काढायचं, दुसऱ्याने घालायचं. मेव्हण्याचं डोकं लहान, म्हणून आत रुमालाची घडी. आणि मला सूचना झाली:

“तुम्ही फक्त गाडीचा नंबर आणि लागलेला वेळ सांगायचा. लोकांना भडकवायचं नाही.”

“साहेब, ती माझी—”

“नंबर. आणि वेळ.”

राहिला झेंडीवाला. गाडी पहिल्यांदा लोकांच्या अगदी समोरून जाणार, लांबच्या टोकाला वळसा घेणार आणि परत लोकांच्याच समोरून येऊन संपणार, अशी टोप्यांची मांडणी होती. परतीच्या वळणावर एक झेंडी हवी होती. माझा मामा केदारखेड्याचा, तीस वर्षं पटाच्या झेंडीवर उभा राहिलेला माणूस. एवढा भरवशाचा की जोडीचं नाक एक वीत पुढे असलं तरी त्याच्या डोळ्यांतून सुटायचं नाही. मीच त्याला बोलावलं. तो पांढराशुभ्र फेटा बांधून, मामीला घेऊन आला. मामी त्याच्याशी नेहमी चार वावरं पलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. “टोपलीत पाण्याची बाटली ठिवलीय, पिऊन घ्या!” हे संभाजीनगरच्या साहेबांनाही ऐकू गेलं असेल. आम्ही सगळे तिचा स्वभावच तिखट असं धरून चाललो होतो.

“लाल झेंडी म्हणजे थांबा,” साहेबांनी मामाला समजावलं. “वाटेत कुणीही आलं की लाल. आणि काही झालं तरी या टायरच्या ढिगामागेच राहायचं. समजलं?”

“बराबर,” मामा म्हणाला.

“टोप्यांच्या आत पाऊल टाकायचं नाही.”

“बराबर.”

“याआधी मोटारींच्या कार्यक्रमात काम केलंय का?”

“बराबर.”

“बघा,” साहेब मला म्हणाले, “अशी माणसं पाहिजेत. वाद घालत नाहीत.”

मलाही अभिमान वाटला.

एक गोष्ट मात्र साहेबांना जमली नाही. भज्याचा गाडा. मामाच्या टायरच्या ढिगासमोर, टोप्यांच्या वाटेपलीकडे एक लिंब होता आणि गाडेवाल्याने बरोबर त्याच्या सावलीत कढई चढवली होती. साहेबांनी दोनदा हलवायला सांगितलं. दोन्ही वेळा गाडेवाला “हलवतो की, साहेब” म्हणाला आणि पुढचा घाणा सोडला.

पहिल्या तीन गाड्या मी आज्ञाधारकपणे सोडल्या. “गाडी क्रमांक एक. वेळ बावन्न सेकंद, अधिक दोन.” लोक काथ्याच्या दोरीला रेलून उभे होते. काहींच्या जांभया मला मंचावरून दिसत होत्या. एकजण ओरडला, “ओ, शिकवणी हाय का पट हाय?” दुसरा म्हणाला, “आवाज बसला वाटतं ह्यांचा!” 

चौथा मेव्हणा होता.

त्याने काचेतून माझ्याकडे बघून अंगठा वर केला. हेल्मेटात त्याचे फक्त डोळे दिसत होते, लग्नात अंतरपाटावरून दिसावेत तसे. साहेबांनी हिरवी झेंडी पाडली आणि माझ्या तोंडून निघालं, “सुटलीऽऽ! माझ्या राजाची जोडी सुटलीऽऽ!” भिंत जागी झाली. शिट्ट्या सुरू झाल्या. गाडी फुफाटा उडवत समोरून गेली, एकही टोपी न पाडता. खरोखर फार सुंदर गेली. बायकोचा भाऊ, माझा माईक, आणि हजारभर माणसं माझ्याकडे कान लावून. मी छाती भरून घेतली.

“गेली! गेली! गेलीऽऽ!”

दोरी उचलली गेली. माणसं उतरली. धुरळा एवढा होता की त्यातून फक्त टोप्या दिसत होत्या, लोकांच्या डोक्यावरच्या आणि जमिनीवरच्या. साहेबांची शिट्टी वाजत होती, पण शिट्ट्या तर सगळेच वाजवत होते.

मग धुरळ्यातून गाडी परत आली.

लोक ओरडले आणि मागे पळाले. सगळेच पळाले, हे खरं. ज्यांना माझं ‘गेली’ आत आणू शकलं, त्यांना त्यांचे पाय बाहेर घेऊन गेले. एकटा मामा राहिला. टायरच्या ढिगामागून निघून तो वाटेच्या मधोमध आला होता, लाल झेंडी काखेत, गाडीकडे पाठ. अख्खं वावर त्याच्या नावाने ओरडत होतं आणि तो वळला नाही. मला वाटलं, भीतीने थिजला. मेव्हण्याने ब्रेक दाबला. टणक जमिनीवरच्या त्या बोटभर फुफाट्यात चाकं थांबली, गाडी थांबली नाही. तशीच घसरत गेली, अगदी सावकाश. इतकी सावकाश, की मला मध्ये एखादी सूचना देता आली असती. बंपर मामाच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली लागला आणि मामा खाली बसला. पडला नाही, बसला. फेटा जागच्या जागी होता.

इथे मला काहीतरी वाटायला हवं होतं. आजवर हा किस्सा मनात शेकडो वेळा रचताना मी या जागी हुंदका घालून पाहिला, आभाळ फाडून पाहिलं. पण तिथे काहीच नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, बोटाने दाबला की दुसऱ्याचा वाटतो, तसा मी अख्खा झालो होतो. गाडीच्या बंपरखाली एक नारिंगी टोपी अडकली आहे, हे मी पाहिलं. अधिक दोन सेकंद, असा हिशेबही मनात झाला.

साहेबांनी अॅम्ब्युलन्स आधीच आणून ठेवली होती. ती उभी होती जागेवर, पण तिच्यासमोर लोकांच्या मोटारसायकली. साहेब मंचाकडे धावत आले, “नंबर सांगा! गाड्या काढायला सांगा!” आणि मी सांगितले. एमएच एकवीस अमुक, काळ्या रंगाची. एमएच एकवीस तमुक, निळी, मागे कॅन बांधलेलं. “ज्या कुणाची असेल त्यांनी कृपया आपली गाडी बाजूला घ्यावी, ही नम्र विनंती.” एकामागून एक, बारा-तेरा गाड्या. आवाज कुठेच कापला नाही. लग्नात आहेराच्या वेळी असतो तसा स्वच्छ, गोड, ऐटबाज आवाज. नंतर दोघांनी तर सांगितलं की त्या दिवशी तुम्ही परिस्थिती फार छान सांभाळली.

जालन्याच्या दवाखान्यात पोहोचल्यावर मामीने मला विचारलं, “हातात काय धरलंस रे?” माईक होता. बिनवायरचा. त्याचं बटण अजून चालूच होतं.

तिथे बाकावर मेव्हणा माझ्या शेजारी बसला होता. हेल्मेट काढलं तरी रुमालाची घडी कपाळाला चिकटलेली. त्याने खिशात हात घातला आणि चुरगळलेली लिंबू-मिरची काढून बघत राहिला. “मला दिसलेच न्हाईत ते, दाजी,” तो म्हणाला. “एकदम समोर. मी दाबला व्हता ब्रेक. दाबला व्हता ना?” मी मान हलवली. ‘दाबला होतास, चूक माझी’ हे वाक्य तेव्हाच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण जीभ त्या बधिर गालासारखीच होती.

मामाच्या पायात सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल. गावात मात्र दोन दिवसांत निकाल लागला. गाडी बेफाम होती. पोराला माज आला होता. भिशीच्या बैठकीत, सलूनमध्ये, माझ्या दुकानातल्या बाकड्यावरसुद्धा. “तुमच्याच मेव्हण्यानं तुमच्याच मामाला उडवलं की हो!” गिऱ्हाईक म्हणायचं, आणि मी तार गुंडाळत राहायचो. माझ्या ‘गेली’चं नाव कुणी काढलं नाही. आवाजाला कोण पकडणार?

मेव्हण्याने त्यानंतर स्टिअरिंगवर बसणं सोडलं. सांगायला हसू येईल, पण मेकॅनिक गाडीत बसत नव्हता. गिऱ्हाइकाने गाडी आणून आत लावायची, गिऱ्हाइकानेच काढायची. गिऱ्हाईक नसलं तर तो दार उघडून, बाहेरूनच एक हात स्टिअरिंगला लावून, चारचाकी ढकलत आत न्यायचा, बैल वळवावा तशी. काम हळूहळू कमी झालं. ब्रेक दुरुस्त करून चालवून बघत नाही तो कसला मेकॅनिक, असं लोक म्हणू लागले, आणि ते चूक नव्हतं. एकदा माझी बायको म्हणाली, “तो जेवताना पण उजवा पाय दाबून बसतो. बघितलंय का तुम्ही?” बघितलं होतं. तो ब्रेक दाबत होता.

आठ महिने मी हे बघत राहिलो. रात्री झोप लागायची, भूक लागायची, बातम्या बघून हसायचो. लोक म्हणतात, मन खातं. माझं काही खात नव्हतं. फक्त माईक समोर आला की हात पुढे होत नव्हता. मेव्हणा पुन्हा गाडीत बसणार की नाही, एवढीच एक गोष्ट लटकत राहिली होती, आणि तिची किल्ली मी गालात धरून बसलो होतो.

शेवटी एका रविवारी मी त्याला म्हणालो, “चल, मामाला भेटून येऊ.” तो तोपर्यंत एकदाही मामासमोर गेला नव्हता. आम्ही एसटीने गेलो. गॅरेजवाला आणि मोटारी भरणारा, दोघं एसटीच्या मागच्या बाकावर, नव्या सोयरिकीला निघाल्यासारखे इस्त्रीचे कपडे घालून.

मामा ओसरीत खाटेवर होता, शेजारी काठी. मामीने चहा ठेवला. मेव्हणा उंबऱ्याशीच अवघडून उभा. मामाने त्याला पाहून हाताने ‘ये, बस’ केलं, तरी तो बसला नाही. मी खाटेच्या पायथ्याशी टेकलो. एवढ्या मंचांवर बोललेला माणूस मी, पण तिथे माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता.

“मामा,” मी म्हणालो, “ह्याचा काही दोष न्हाई. मला साहेबांनी सांगितलं व्हतं, फक्त नंबर आणि वेळ सांग. मी ‘गेली’ म्हणालो. पटात म्हणतो तसं. त्यामुळं लोक आत आले. तुम्ही पण त्यामुळंच आत आले. पाय तुमचा माझ्यामुळं गेला.”

मेव्हण्याने एकदम माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मामाने मान डोलावली. “बराबर,” तो म्हणाला.

मी मान खाली घातली. मिळायची होती ती शिक्षा मिळाली, असं वाटलं. थोडं हलकंही वाटलं असेल. मामी चहाचे कप घेऊन बाहेर आली, आम्हा तिघांची तोंडं बघितली आणि खाटेजवळ ताट दाणकन ठेवलं.

“काय बराबर? ऐकू तरी आलं का तुम्हाला?” ती मामाच्या कानाशी वाकली आणि तिच्या त्या चार वावरांच्या आवाजात ओरडली, “तो म्हणून राह्यलाय! त्यानं माईकवर ‘गेली’ म्हटलं! म्हणून तुम्ही आत आले!”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग मेव्हण्याकडे. मग परत माझ्याकडे, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या लग्नातला आहेर त्याच्या नावावर वाचून दाखवला होता. आणि काठी आपटून तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला:

“ह्याचा भोंगा? अरे, मला चार सालापासून कायबी ऐकू येत न्हाई! मी तर भजे आणायला चालल्तो!”